तुम्ही विचारलंत म्हणून : पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी चार्ज करू द्यायची का?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचा तीस मजली टॉवर असो की नवी मुंबईत नेरूळमधली सिडकोची चार मजली इमारत, सोसायटीच्या कमिटीतल्या माणसांचा प्रश्न एकच असतो. सभासद इलेक्ट्रिक गाड्या घेतायत, खाली चार्जिंगची सोय मागतायत. परवानगी द्यावी का? रात्री बॅटरीनं पेट घेतला तर काय करायचं?

परवानगी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र आधी भिंतीवरचं सॉकेट, तिथपर्यंत येणारी वायर आणि अर्थिंग नीट करून घ्यावं. बॅटरीबद्दल सगळे बोलतात, पण इमारतीला खरा धोका या तीन गोष्टींतून येतो आणि तिन्ही कमिटीच्या हातातल्या आहेत.

बॅटरीची भीती उगाच आलेली नाही. मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. त्याच दिवसांत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागली आणि धुरानं गुदमरून बाप-लेकीचा जीव गेला. त्यानंतर केंद्र सरकारनं दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-156 हे मानक कडक केलं आणि डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत ते लागू केलं. सेलमध्ये पुरेसं अंतर, जास्त चार्ज, जास्त तापमान आणि शॉर्टसर्किट ओळखून तोडणारी यंत्रणा, एका सेलची आग शेजारच्या सेलला किती वेळात पोहोचते याची चाचणी, या गोष्टी त्यात आल्या. चारचाकींसाठी एआयएस-038 आहे. शिवाय आता बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा ते जास्त तापमान सहन करतात आणि बिघडले तरी कमी उष्णता सोडतात. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या भरपूर आहेत, आणि तिथल्या नोंदींत पेट्रोल-डिझेलच्या गाड्याच जास्त पेटताना दिसतात. तेव्हा 2023 नंतरची, नोंदणी झालेली, मूळ चार्जरवर चालणारी गाडी पार्किंगमध्ये उभी आहे म्हणून झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

आता सॉकेटकडे या. कारबरोबर मिळणारा साधा चार्जर साधारण 3.3 किलोवॅटचा असतो, म्हणजे 230 व्होल्टला 14 अँपिअर. गीझरसुद्धा जवळपास तेवढीच वीज ओढतो, मग वेगळं काय? वेळ. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो. 30 युनिटची बॅटरी रिकामी असेल तर कार सलग नऊ-दहा तास 14 अँपिअर ओढत राहते, तेही रोज रात्री त्याच सॉकेटमधून. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाली किंवा मागचा स्क्रू ढिला राहिला, तर त्या सांध्यावर समजा 0.1 ओहमचा रोध तयार झाला. 14 चा वर्ग 196, गुणिले 0.1, म्हणजे जवळपास 20 वॅटची उष्णता एका पिनेवर. लहान सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला एवढीच उष्णता असते. आठ तास ती प्लॅस्टिकला चिकटून राहिली तर काय होईल हे सांगायला नको. आधी प्लगची पिन काळी पडते, मग सॉकेटचं तोंड पिवळं पडतं आणि माशासारखा वास येऊ लागतो. तो वास आला की मेन बंद करायचा, सॉकेट बदलायचं आणि मागची वायरही काळी पडलेल्या भागापर्यंत कापून टाकायची. एमसीबी, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच, यात अजिबात मदत करत नाही, कारण करंट 14 अँपिअरच असतो. त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललेलं असतं.

म्हणून कारसाठी घरगुती स्विचबोर्डावरचं सॉकेट वापरू नये. निळं, गोल पिनांचं, झाकणाचं इंडस्ट्रियल सॉकेट घ्यावं किंवा भिंतीवरचा कायमचा चार्जर बसवावा. वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवावा, नुसते तंतू पिळून स्क्रूखाली घालू नयेत. ठाण्याच्या नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींत कुठे कुठे अजून ॲल्युमिनियमच्या वायर सापडतात. तिथे तांब्याची वायर सरळ जोडली तर खाडीच्या दमट, खारट हवेत तो सांधा लवकर कुजतो. दोन्ही धातूंसाठी बनवलेला लग वापरा, नाहीतर मीटरपासून नवी तांब्याची वायर ओढा. दुसरा पर्याय मला जास्त पटतो.

एक्स्टेन्शन बोर्डाला तर ठाम नकार द्यावा. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून लोंबणारी वायर बहुतेक वेळा 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची असते, आणि उरलेलं वेटोळं तसंच गुंडाळून ठेवलेलं असतं. वेटोळ्यातली उष्णता बाहेर जायला जागा नसते. चार्जिंगवर सरसकट बंदी घालणाऱ्या सोसायट्यांत नेमक्या अशाच वायरी दिसतात. गाडी घेतलेला माणूस ती चार्ज तर करणारच. मीटर रूममधून नीट ओढलेली वायर नाकारली की तो खिडकीतून वायर सोडतो, म्हणून मी बंदीच्या विरोधात आहे.

वायर किती जाड घ्यायची हे अंतरावर ठरतं. टॉवरमध्ये मीटर रूम एका टोकाला आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला असतं, 60 मीटर सहज होतात. 14 अँपिअरसाठी 60 मीटरवर तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर साधारण 12 व्होल्ट वाटेतच जातात. 4 ची टाकली तर 8 व्होल्ट. भिंतीवरचा 7.4 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर ओढतो. त्याला 60 मीटरवर 6 ची वायर लावली तर पुन्हा 12 व्होल्ट जातात, 10 ची लावली तर 7. माझा सल्ला असा की 3.3 किलोवॅटला किमान 4 आणि 7.4 ला लांब अंतरासाठी 10. एमसीबी 3.3 किलोवॅटसाठी 20 अँपिअरचा, सी प्रकारचा. 16 चा लावला तर मे महिन्यात तापलेल्या बंद डब्यात तो मध्यरात्री पडतो, मग वैतागून कोणीतरी वायर तीच ठेवून थेट 32 चा बसवतं. तसं झालं की त्या वायरला कोणी राखणदार उरत नाही.

अर्थिंगवर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे माणूस मरू शकतो. कारचे चार्जर सुरू होण्याआधी अर्थिंग तपासतात. ते मिळालं नाही तर लाल दिवा लावून गप्प बसतात. ‘चार्जर खराब आहे’ अशी तक्रार आली की बरेचदा चार्जर ठणठणीत असतो आणि त्या पिनेपर्यंत अर्थिंगच पोहोचलेलं नसतं. यावर काही वायरमन सोपा इलाज करतात : सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिना एका तुकड्यानं जोडून देतात. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पुढे कधी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला तर त्या तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतात. पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दाराला हात लावणारं मूल डोळ्यांसमोर आणा. कोणत्याही सॉकेटमध्ये असा तुकडा सापडला तर त्या दिवशीचं चार्जिंग बंद ठेवा.

तपासणी सोपी आहे. गाडी चार्ज होत असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मल्टिमीटरवर बघायचं. ते दोन-तीन व्होल्टच्या आसपास असावं. अगदी शून्य दिसलं तर तो तुकडा शोधा, दहा-पंधरा दिसले तर न्यूट्रल किंवा अर्थिंग कुठेतरी ढिलं आहे. इमारतीच्या अर्थ पिटचा, म्हणजे अर्थिंग जमिनीत जिथे पुरलेलं असतं त्या खड्ड्याचा, रोध परवानाधारक कंत्राटदाराकडून अर्थ टेस्टरवर मोजून घ्यावा. ऐरोली, वाशी, कोपरी अशा खाडीलगतच्या भागांत जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी जमिनीखाली खाऊन जाते. वर बोल्ट चकचकीत दिसतो आणि खाली पट्टीच उरलेली नसते. तांब्याचा मुलामा असलेला रॉड जास्त टिकतो.

अर्थिंगच्या जोडीला प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच, हवा. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. दुकानात न सांगता मागितला तर बहुधा एसी प्रकारचा मिळतो. गाडीच्या चार्जरमधून गळणारा करंट नेहमीच्या एसी लाटेसारखा नसतो, आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटची, गळती झाली तर एसी प्रकारचा आरसीसीबी आंधळा होतो, पडायच्या वेळी पडत नाही. ए प्रकारचा मागा. ओळख त्याच्या तोंडावरच छापलेली असते : एसी प्रकारावर नुसती एक लाट, ए प्रकारावर लाटेखाली अर्ध्या लाटांचंही चिन्ह. भिंतीवरचा चार्जर घेताना त्यात 6 मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का ते विचारा. नसेल तर बी प्रकारचा आरसीसीबी लागतो आणि तो बराच महाग असतो.

लोडची चिंता कमिट्या जास्त करतात, पण ती सोडवायला सोपी. दहा गाड्या 3.3 ने एकदम लागल्या तर 33 किलोवॅट होतात. त्याच दहा 7.4 ने लागल्या तर 74. सगळे ऑफिसातून आठच्या सुमाराला येतात, त्याच वेळी लिफ्ट, पंप आणि एसी जोरात असतात. गाडीतच टायमर असतो, चार्जिंग रात्री अकरानंतर सुरू करा. आणि इमारतीत वीज ज्या तीन फेजवरून येते, त्या तिन्हींवर गाड्या वाटा. मीटर रूममधल्या जवळच्या एकाच फेजवर सगळ्या टाकल्या की न्यूट्रल तापतो आणि बाकीच्या घरांत व्होल्टेज वरखाली होतं. वायरीभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन रात्री एकदा तिन्ही फेज मोजले की चित्र स्पष्ट होतं.

मीटरचं म्हणाल तर घरच्या मीटरवरून वायर आणता येते, तशी मुभा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी कार साधारण 160 युनिट खाते आणि घरगुती बिल वरच्या स्लॅबमध्ये ढकलते. इलेक्ट्रिक वाहनांसाठी महावितरणचा वेगळा वीजदर आहे, त्याची जोडणी वेगळी घेतली तर स्लॅब लागत नाही. जास्त चालवणाऱ्यानं दोन्हीचा हिशेब मांडून बघावा.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती काढून घरात नेता येणाऱ्या बॅटऱ्यांची. 250 वॅटपर्यंतच्या, ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या स्कूटरना नोंदणी लागत नाही. त्यांच्यात स्थानिक जोडणीचे स्वस्त पॅक आणि भलतेच चार्जर सर्रास दिसतात. अशी बॅटरी लोक फ्लॅटच्या दाराशी, चपलांच्या कपाटाजवळ रात्रभर लावतात. ती पेटली तर आग नेमकी बाहेर पडायच्या वाटेवर असते, आणि तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतो. दार, जिना, लिफ्टची लॉबी आणि बेडरूम या चार ठिकाणी बॅटरी चार्ज करायला सोसायटीनं लेखी मनाई करावी. त्या बदल्यात तळमजल्यावर, जिन्यापासून दूर, हवेशीर जागी 6/16 अँपिअरचे चार-सहा पॉइंट सबमीटरसह द्यावेत. हे पॉइंट नीट चांगल्या दर्जाचे द्या. सामान पोहोचवणारी मुलं आणि घरकामाला येणाऱ्या बायकांच्या गाड्याही तिथे लागू द्या.

पावसाळ्यात पाणी आपल्याकडे खाडीतून येतं. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून तर सिडकोनं पाणी साठवून धरणारे तलाव, म्हणजे होल्डिंग पाँड, बांधले. 26 जुलै 2005 ला तुमच्या आवारात पाणी कुठवर चढलं होतं हे जुन्या रहिवाशांना विचारा आणि सॉकेट त्या खुणेच्या वर बसवा, जमिनीपासून किमान 1.2 मीटर. वायर डब्यात खालून आत घ्या, वरून घेतली की पाणी वायरीच्या कडेनंच आत उतरतं. बॅटरी पाण्यात बुडाली असेल तर गाडी कोरडी दिसली तरी चार्जिंगला लावू नका. 2022 मध्ये फ्लोरिडात इयान चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाड्या पाणी ओसरल्यावर पेटल्या होत्या. अशी गाडी उघड्यावर, इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून दूर ढकला आणि सर्व्हिस सेंटरला कळवा.

आणि आग लागलीच तर? चार्जिंगच्या पॅनेलचा मेन स्विच गेटजवळ, पार्किंगच्या बाहेर हवा, म्हणजे धुरात शिरावं लागत नाही. तो बंद करायचा, 101 ला फोन करून गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधी सांगायचं, जिन्याची दारं लावून घ्यायची. सॉकेट किंवा वायर जळत असेल तर मेन बंद केल्यावर पावडरचा सिलिंडर पुरतो. बॅटरीच्या पॅकमधून फुसफुस आवाज आणि पांढरा धूर येत असेल तर सिलिंडर घेऊन जवळ जाऊ नका. पावडर पॅकच्या आतल्या सेलपर्यंत पोहोचत नाही, त्याला भरपूर पाण्यानं बराच वेळ थंड करावं लागतं आणि ते काम अग्निशमन दलाचं. विझल्यावरही ती गाडी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती परत इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आणू नये.

कमिटीच्या ठरावात एवढं लिहा : परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल, वायरची जाडी, ए प्रकारचा आरसीसीबी, सॉकेटची उंची, फेज कोणता, एक्स्टेन्शनला मनाई. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, प्रत्येक आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं, मेन बंद करून स्क्रू आवळायचे आणि प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का ते बघायचं. हे काम कोणी करायचं त्या माणसाचं नावही ठरावातच लिहून ठेवा.