मक्याकडे कोणी फिरकेना

ऑक्टोबर अर्धा सरला तरी मक्यावर लावलेल्या आमच्या कॅमेऱ्यांत रॅकून आणि खारींखेरीज काही दिसत नव्हतं. मी मेरीलँडमधल्या एका काउंटीच्या उद्यान विभागात वन्यजीव जीवशास्त्रज्ञ म्हणून काम करते. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवणं माझ्या कामात येतं, आणि त्याचा सरळ अर्थ शिकार असा आहे. चंद्रपूरच्या घरी हे सांगितलं की फोनवर शांतता पसरते. साहजिकच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे चितळाला हात लावणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण अमेरिकेच्या या भागातून लांडगा आणि कूगर हे मोठं रानमांजर कधीच संपले. हरणांना उरली माणसाची मोटार आणि माणसाचा बाण. आमच्या जंगलात हरणाची मान पोचेल तिथपर्यंत हिरवं काही शिल्लक नाही. मोठे ओक उभे आहेत, पण त्यांच्या रोपांपैकी गुडघ्याच्या वर वाढलेलं शोधूनही सापडत नाही.

आमच्याकडे शिकार स्वयंसेवक करतात, तीही धनुष्यबाणाने. आधी नेमबाजीची परीक्षा, मग ठरवून दिलेलं मचाण, आणि माद्यांना प्राधान्य, कारण नर मारून संख्या घटत नाही. मचाणासमोर ठरल्या वेळी मका उधळणारा डबा टांगलेला असतो. खास परवान्याखाली चालणारी ही पद्धत उपाशी फेब्रुवारीत उत्तम चालते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती चालणं शक्यच नव्हतं, कारण पांढरे ओक लगडले होते.

हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळा घोळ इथेच आहे. ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, दर वर्षी सारखी येत नाहीत. वसंतात फुलोऱ्यावर उशिराची थंडी पडली की पीक जातं. हवा साथ देते त्या वर्षी अख्ख्या प्रदेशातले ओक एकदम फळतात, इतके की खाणाऱ्यांनी खाऊनही बी उरावं. त्यातही पांढरा ओक आणि तांबडा ओक यांच्यात मोठा फरक. पांढऱ्याचं फळ एका हंगामात पिकतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतं आणि त्याच शरदात कोंब काढतं. त्यात टॅनिन कमी, म्हणून तुरटपणा कमी. तांबड्याला पिकायला दोन वर्षं लागतात, फळ जास्त तुरट, पण पानांखाली हिवाळाभर टिकतं. खारींनाही हे ठाऊक असतं. तांबडं फळ त्या पुरून ठेवतात. पांढरं तिथेच खातात, नाहीतर त्याचा कोंब कुरतडून मग पुरतात. हरणं आधी पांढऱ्यावर तुटून पडतात आणि ते संपलं की तांबड्याकडे वळतात. बासुंदीपुरीच्या पंगतीतून उठलेल्या माणसापुढे चुरमुरे ठेवावेत, तसा आमचा मका त्यांच्यापुढे पडला होता.

पोट जागेवरच भरत असेल तर हरीण चालत नाही. खायचं, पन्नास-साठ पावलांवरच्या काटेरी झुडपात बसून रवंथ करायचं, पुन्हा उठून खायचं. ते शेतात येत नाही, रस्ता ओलांडत नाही, कोणाच्या बागेत शिरत नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, हरणं गेली. वरिष्ठांचा निरोप आला: कॅमेऱ्यांवरची नोंद निम्म्याहून खाली आहे, कार्यक्रम यशस्वी झालेला दिसतो. आणि आदल्या वर्षी बागेतली आपली होस्टा नावाची शोभेची रोपं फस्त झाली म्हणून रोज फोन करणाऱ्या एका बाईंनी पत्र लिहिलं, की तुम्ही सगळी हरणं मारून टाकलीत. लोकांना आपल्या कुंपणाच्या आतलंच जंगल दिसतं. वरिष्ठांना तर तेवढंही नाही, त्यांना कॅमेऱ्यातलं दिसतं. आमची मचाणंही हरणं कुठे आहेत ते पाहून लावलेली नाहीत. मारलेलं जनावर ओढून आणायला सोपं जावं म्हणून ती वाहनतळाजवळ लावली आहेत.

आमच्या स्वयंसेवकांत एक निवृत्त बसचालक आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी डब्यासमोर बसायला साफ नकार दिला. म्हणाले, "तू मला झाड दाखव. हरणाचं मी बघतो."

झाड शोधणं हे या कामातलं खरं कसब, आणि बहुतेकांना ते नकोसं असतं. रायफलवाल्याला एवढी काटेकोर जागा लागत नाही, तो शंभर-दीडशे मीटरवरून मारतो. धनुष्याला वीस मीटर. जंगलभर खाणं विखुरलेलं असताना कुठले वीस मीटर, हे सांगता आलं पाहिजे. फळलेल्या ओकांतही हरणांचं एखादंच लाडकं झाड असतं. मी भर दुपारी, हरणं बसलेली असताना, ओढ्याच्या दोन्ही अंगांनी फिरले. बऱ्याच झाडांखाली एकॉर्न नुसते पसरले होते, हात न लागलेले. एका उतारावरच्या जुन्या पांढऱ्या ओकाखाली मात्र अख्खं फळ जवळपास नव्हतंच. रिकाम्या टोप्या, चावलेल्या सालींचा चुरा, खुरांनी उकरलेली पानं आणि ओल्या, चकाकत्या लेंड्यांचे ढीग. वरच्या अंगाला काटेरी वेलींची दाट जाळी. तिथेच ती बसत असणार. सरळ रेषेत मोजलं तर आमचा मक्याचा डबा तीनशे मीटरवर होता.

परवानगीसाठी मला तीन अर्ज भरावे लागले. मचाण हलवायला तीन अर्ज, मका टाकत राहायला एकही नाही.

सकाळी बसायचं नाही हे मी आणि बसचालक आजोबांनी, दोघांनीही न बोलताच ठरवलं होतं. एवढं खाणं असलेल्या वर्षी हरणं पहाटे झाडाखालीच असतात; अंधारात चालत जाल तर त्यांना उठवूनच पोचाल. म्हणून दुपारी बाराच्या सुमाराला निघालो, तेही ओढ्याच्या पाण्यातून, म्हणजे वाळक्या पानांचा आवाज नाही आणि पायाचा वास मागे राहत नाही. मचाण झाडाच्या खालच्या अंगाला बांधलं होतं. वारा वायव्येचा, जाळीकडून आमच्याकडे येणारा. आणि ऊन उतरल्यावर गार हवा उतारावरून ओढ्याकडे सरकते, म्हणजे संध्याकाळीही आमचा वास हरणांच्या उलट दिशेलाच जाणार. ते धनुष्य घेऊन वर, मी शेजारच्या खोडाला पट्ट्याने बांधून घेतलेली, वही आणि दुर्बीण घेऊन.

आदल्या रात्री जोराचा वारा होता, तरी फळं अजून पडत होती. कोरड्या पानांवर एकॉर्न पडला की टप्प असा स्पष्ट आवाज येतो. साडेचारच्या आसपास असाच एक पडला आणि जाळीत दोन कान वळलेले दिसले. मग मादी बाहेर आली, मागे दोन वाढलेली पाडसं, मग आणखी माद्या. वाटेतल्या फळलेल्या झाडांना त्यांनी तोंडही लावलं नाही. सगळ्या या एकाच झाडाखाली आल्या आणि दाढांखाली एकॉर्न फुटल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येऊ लागला.

आजोबा थांबले. मोठी मादी तोंड आमच्याकडे करून खात होती, तशा स्थितीत बाण सोडायचा नसतो. ती आडवी झाली, पुढचा पाय एक पाऊल पुढे पडला, तेव्हा त्यांनी सोडला. ती चाळीसएक पावलं पळाली आणि पडल्याचा आवाज आला. बाकीच्या उधळल्या, जाळीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, शेपट्या वर. आणि दहा मिनिटांत परतल्या. त्याच झाडाखाली. मी डब्यासमोर असं कधी पाहिलेलं नाही. तिथे एक हरीण पडलं की जागा आठवडाभर ओस पडते. आजोबांनी दुसरी मादी घेतली.

अर्धा तास थांबून उतरलो. पानांवरचं रक्त फिकट गुलाबी, फेसाळ, म्हणजे बाण फुप्फुसांतून गेलेला. दोन्ही माद्या लगेच सापडल्या. जागेवरच पोट फाडताना मी वजडी वेगळी काढून उघडली. आत एकॉर्नचा पिवळट लगदा, थोडी पानं, आणि मक्याचा एक दाणाही नाही. पण मला जास्त खटकली ती मूत्रपिंडांभोवतीची चरबी. पांढरीशुभ्र, जाड, मूत्रपिंड दिसू नये इतकी. नोव्हेंबरच्या मध्यावर हरणं माजावर येतात. तेव्हा मादी अशी भरलेली असेल तर पुढच्या उन्हाळ्यात जुळी पाडसं होतात आणि ती जगतात. म्हणजे ज्या वर्षी आपल्याला हरणं दिसत नाहीत, नेमकं त्याच वर्षी ती वाढायच्या तयारीत असतात.

मांस नेहमीप्रमाणे अन्नपेढीला गेलं. मी अहवालात झाडाचं, चरबीचं, वजडीचं सगळं लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, एका झाडावरून धोरण ठरवता येत नाही. बरोबर आहे. म्हणून उरलेल्या हंगामात मारलेल्या प्रत्येक हरणाची वजडी मी उघडली. ख्रिसमसपर्यंत मका अगदी मोजक्या पोटांत होता; जानेवारीत तांबड्या ओकाचा लगदा, आणि मका वाढू लागला तो त्यानंतर. तरीही पुढच्या वर्षासाठी परवाने कमी करण्यात आले, कारण "नोंद घटली" होती.

त्यानंतरच्या ऑगस्टपासून मी दुर्बिणीने झाडांच्या शेंड्यांवरची फळं मोजते. ठरलेले ओक, प्रत्येकाला अर्धा मिनिट, दिसतील तितके एकॉर्न. त्या वर्षी एप्रिलअखेरच्या थंडीने फुलोरा जळला होता आणि पांढरे ओक जवळजवळ रिकामे होते. म्हणजे हरणं लवकरच मक्यावर येणार, कॅमेरे भरणार आणि कोणीतरी लिहिणार, की संख्या अचानक वाढली. हंगाम सुरू व्हायच्या आत फळांचे आकडे आणि कॅमेऱ्यांचे आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडून मी वरिष्ठांकडे दिले. त्यांनी ते वाचले आणि ओढ्यावरच्या मचाणाला परवानगी दिली. मक्याचे डबे मात्र अजून तिथेच आहेत, वाहनतळाजवळ.