टेकूपासून संमतीपत्रापर्यंत : आमची वाटचाल

गिरगाव, काळबादेवी, लालबागच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या चाळींना टेकू लावणं आणि तुळया बदलणं हे आमच्या फर्मचं मूळ काम. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातल्या इमारतींत लाकडी सांगाडा पुष्कळ. सागवानी तुळईचा मधला भाग बहुधा शाबूत असतो. कुजतं ते भिंतीत रुतलेलं टोक, तेही मोरी-संडासाच्या बाजूचं. गळती न थांबवता तिथे लोखंडी गर्डर घातला तर तोही त्याच ओल्या भिंतीत गंजतो. म्हणून आधी प्लंबर, मग गवंडी, मग फॅब्रिकेटर. टेकू तळमजल्यापासून वरपर्यंत एका ओळंब्यात हवेत, नाहीतर वरचा भार खालच्या धडधाकट तुळईवर येतो आणि तीही वाकते. दुकानदार गल्ल्यासमोर टेकू लावू देत नाही, आणि नेमका तिथेच तो लागतो! तुळई काढताना एका वेळी एकच खण मोकळा करायचा. लादीवर लादी, माळ्यावर पाण्याचं पिंप, हा भार आधी उतरवायचा.

टेकूवर चाळ किती वर्षं काढणार? म्हाडाचं दुरुस्ती मंडळ, मालक आणि भाडेकरू एकत्र आले तरच पुढचं जमतं. त्यामुळे आमचं काम हळूहळू कागदांकडे वळलं.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या उपकरप्राप्त इमारतींच्या नियमाखालच्या पुनर्विकासाला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. बहुतेक समित्या आधी सह्या गोळा करतात आणि तिथेच फसतात. पागडीची पावती आजोबांच्या नावावर, राहतो नातू, दोन आत्या लग्न होऊन डोंबिवलीला. आत्यांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र नसेल तर मंडळाकडून भाडेकरूंची यादी प्रमाणित करून घेताना ती खोली वादात पडते. आम्ही आधी खोलीनिहाय मापं घेतो, त्यावर भाडेकरू आणि मालकाचा माणूस अशा दोघांच्या सह्या घेतो. मग पावती, वीजबिल, मृत्यूचा दाखला. संमतीपत्र सगळ्यात शेवटी. दीडशे चौरस फुटांच्या खोलीलाही किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं, हे कळलं की सह्या आपोआप येतात.

मालक हललाच नाही तर म्हाडा कायद्याचं कलम ७९-अ आहे: पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला त्याला सहा महिने, नंतर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने. ही दुसरी मुदत फार तोकडी. वास्तुविशारद नेमणं, संस्थेची कागदपत्रं, हे मालकाची मुदत चालू असतानाच उरकावं. आणि करारात पर्यायी जागेचं भाडं बँक हमीसह लिहून घ्यावं. संक्रमण शिबिरात गेलेली कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच आहेत.