शेवटची चार अक्षरं

मंगळवार, रात्र

देवाशी बोलणारी नवी कविता समोर आली की बोटं आपसूक अक्षरं मोजू लागतात. आजचे कवीही अभंगाकडे वळतात, याचा फार आनंद होतो. पण ‘मोठा अभंग’ हा छंद दिसतो तितका सोपा नाही. चरणांची अक्षरं ६, ६, ६ आणि ४, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवूनिया’ बोटांवर मोजून पाहावं. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून ‘ध्यान’ दोन. गाताना एखादं अक्षर जास्त झालं तरी चाल सांभाळून घेते. छापील पानावर टाळ नसतो. तिथे सातवं अक्षर ठेचकाळतं.

खरा घात शेवटच्या चरणात होतो. ‘पांडुरंगा’, ‘दयाघना’, ‘विठुराया’ सगळे नेमके चार अक्षरांचे, म्हणून हात पटकन तिकडे जातो. जागा भरते, कविता तिथल्या तिथे राहते. हा नमुना :

नळ कोरडाच । हंडा दारापाशी ।
तुझी एकादशी । आमचीही ॥

‘आमचीही’च्या जागी ‘पांडुरंगा’ घातलं तर नुसती पाण्याची तक्रार उरते. ‘आमचीही’ने मात्र न मागता घडलेली निर्जळी देवाच्या दारात जाऊन बसते.

दुसरी चूक संबोधनाची. ‘हे ईश्वरा, तू आहेस का?’ असं विचारलं की देव लांब जातो. जनाबाई ‘अरे विठ्या विठ्या’ म्हणून भांडते ती हक्कानं. भांडायला आधी नातं लागतं. मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये (१९४७) ओवी-अभंगाचाच साचा गिरणी-शहराच्या जगण्याला लावला. कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ (१९७६) मात्र देवाला फारशी हाक मारत नाही. दगड, दारं, पायऱ्या न्याहाळत राहते. तीही वाट खरी आहे, पण तिला नजर फार कोरडी आणि तीक्ष्ण लागते.

उरते नाममुद्रा, म्हणजे शेवटी येणारं कवीचं नाव. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ ही चार-चार अक्षरं. सहाच्या चरणात पुढे दोन मोकळी राहतात. आजच्या कवीचं नाव तीन अक्षरी असेल तर एकच उरतं आणि ओळ आखडते. अशा वेळी स्वतःचं नाव सोडून द्यावं. ‘हंडेवाली म्हणे’ बरोबर सहा भरतात.