आमची वाटचाल: आठ पानांवरून अर्ध्या पानावर

आम्ही नक्की काय विकतो, हे आईला अजून नीट सांगता येत नाही. ती ‘फाशांचं काहीतरी’ म्हणते आणि शेजारी घाईनं विषय बदलतात.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मामेबहीण. टेबलटॉप रोलप्लेइंग गेमसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र होऊन बोलत-बोलत खेळायच्या खेळासाठी, पात्रं तयार करतो, त्यांची कार्डं छापतो आणि सदाशिव पेठेतल्या एका खोलीत शनिवार-रविवार खेळ चालवतो. २०१८ पासून.

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच खेळ आला, तेव्हा पात्र म्हणजे आधी सहा आकडे: ताकद, चपळाई, काटकपणा वगैरे. तीन फासे टाका, बेरीज लिहा, असं सहा वेळा. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये तर पात्र घडवता घडवताच मरू शकायचं! आकडे पाच मिनिटांत होतात. माणूस होत नाही, म्हणून आम्ही तो लिहून द्यायचं ठरवलं.

पहिल्या वर्षी प्रत्येक पात्राला आठ पानांचं पूर्वचरित्र दिलं. जळालेलं घर, हरवलेली तलवार, मेलेले आईबाप. (बारापैकी नऊ पात्रं अनाथ निघाली. बहिणीनं मोजली तेव्हा कळलं.) लोकांनी वाचलं, वा वा केलं आणि टेबलावर बसून गप्प राहिले. कारण जे घडायचं ते त्या आठ पानांत घडून गेलं होतं. आमच्या पद्धतीच्या खेळात जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खिशात तयार गोष्ट नसते. तो एवढंच विचारतो, ‘आता काय करताय?’ तेव्हा पात्राला काहीतरी हवं असावं लागतं, आणि तेही आज, इथं. तीनशे कोसांवरच्या खलनायकाचा सूड कामाचा नाही.

हे शिकवलं बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंनी. भाच्याबरोबर आल्या होत्या. आठ पानं त्यांनी उलटूनसुद्धा पाहिली नाहीत. ‘ह्या चोराचं कुणाशी काही येणं-देणं?’ म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी मागच्या बाजूला लिहिलं: ‘होडीवाल्याचे चाळीस द्यायचेत. तोंड चुकवतो.’ आणि होडीवाला झाला भाचा. टोळीला रात्रीच नदी पार करायची होती. काकूंचा चोर म्हणे, पुलावरून जाऊ, पाय मोकळे होतील. पूल दीड दिवसावर! सगळ्यांना संशय आला, भाचा हटून बसला, आणि तीन तास त्या चाळीस नाण्यांवर निघाले. गुहेतला ड्रॅगन तसाच झोपून राहिला.

त्यानंतर आठ पानं बंद. अर्ध्या पानाचं कार्ड आणि तीन ओळी: आज काय हवंय? या टेबलावर कुणाशी काय बाकी आहे? काय केल्याशिवाय राहवत नाही? तिसऱ्या ओळीत ‘रागीट’ लिहिलं तर आम्ही परत देतो. ‘लहान पोरावर कुणी ओरडलं की मध्ये पडतो’ चालतं, कारण मग जीएमला बाजारात एक पोरगं उभं करता येतं.

धंद्याचं म्हणाल तर पहिली पाचशे कार्डं आम्ही हौसेनं ग्लॉस लॅमिनेशन करून घेतली. त्यावर पेन्सिल उमटेना. चूक आमचीच, छापणाऱ्यानं दोनदा विचारलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात खुले झाले, तेव्हा श्रेय देऊन ते वापरायची मोकळीक मिळाली आणि जीव भांड्यात पडला. कंपन्यांची कामंही येतात. तिथे हटकून एक साहेब असतो, ज्याच्या पात्राला कुणाचंच देणं नको असतं. त्याला दुसरी ओळ कोरी ठेवू देतो. तासाभरात तोच कंटाळून पेन्सिल मागतो.

आता कार्ड साध्या जाड कागदावर छापतो आणि खोक्यात आखूड पेन्सिलीबरोबर खोडरबरही घालतो. सगळ्यात जास्त खोडली जाते ती दुसरी ओळ.