डेंटल स्कूलसाठी दुसऱ्यांदा अर्ज: पर्सनल स्टेटमेंट कोऱ्या पानावरून लिहा

अमेरिकेत डेंटल स्कूलला एकदा नकार आला की दुसऱ्या वर्षी मुलं डॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर आणि शॅडोइंगचे, म्हणजे डेंटिस्टचं काम शेजारी राहून पाहण्याचे, तास वाढवतात. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातला निबंध, मात्र जुनाच, चार वाक्यं फिरवून, पुन्हा लावतात. बऱ्याच स्कूल्सकडे गेल्या वर्षीचा अर्ज असतो. दोन्ही निबंध शेजारी ठेवले आणि वर्षभरात काही घडलेलंच दिसलं नाही, तर वाढलेल्या स्कोअरचाही प्रभाव कमी होतो. म्हणून जुनी फाईल बंदच ठेवा.

अ‍ॅडसास या सामाईक ऑनलाइन अर्जात निबंधाची मर्यादा ४५०० कॅरेक्टरची, स्पेस धरून. इंग्रजीत साधारण ७०० शब्द. माझ्या मते त्यातले ८०० कॅरेक्टर डेंटिस्ट्री का, यासाठी पुरेत. गेल्या अर्जानंतरच्या दोन अनुभवांना २४०० द्या, जुन्यातल्या एकाच गोष्टीला ५००, शेवटाला ५००. उरलेले ३०० मोकळे ठेवा, कारण परिच्छेदांमधल्या रिकाम्या ओळीही मोजल्या जातात.

खरं काम त्या २४०० मध्ये आहे. ‘आणखी १२० तास शॅडोइंग केलं’ हे इथे नको. तास अनुभवांच्या विभागात येतातच, तिथे प्रत्येक नोंदीला ६०० कॅरेक्टर मिळतात. स्टेटमेंटमध्ये एकच पेशंट घ्या. दाढेचं रूट कॅनाल सुचवलंय, इन्शुरन्सची वार्षिक मर्यादा संपलीय, वरच्या क्राउनचा (टोपीचा) खर्च झेपत नाही, म्हणून पेशंट म्हणतो, काढूनच टाका. डॉक्टरांनी कोणते पर्याय कोणत्या क्रमाने सांगितले? तुम्हाला काय खटकलं? त्यानंतर तुम्ही काय केलं? हा तिसरा प्रश्न बहुतेक निबंधांत सुटतो, आणि प्रौढपणा दिसतो तो तिथेच. पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिहू नका.

हाताच्या कामाबद्दलही तसंच. ‘मला हातानं काम करायला आवडतं’ हे वाक्य असंख्य निबंधांत असतं. अल्जिनेट, म्हणजे दातांचा ठसा घेण्याचं मिश्रण, भांड्याच्या कडेला दाबून घोटलं नाही तर हवा राहते, ठशात बुडबुडे येतात, आणि ते नेमके दाताच्या कडेवर आले तर ठसा पुन्हा घ्यावा लागतो. हे स्वतः केलं असेल तर तेच लिहा. ब्रेसेसमुळे हसू बदललं, ही सुरुवात मात्र टाळा.

नकाराचा उल्लेख फार तर दोन वाक्यांत. कैफियत नको, माफीही नको. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी ग्रेड मिळाला असेल, तर अभ्यासाची पद्धत कशी बदलली आणि पुढे बायोकेमिस्ट्रीत काय मिळालं, एवढं पुरे. ‘रीअ‍ॅप्लिकंट म्हणून काय सुधारलं’ असं काही स्कूल्स सप्लिमेंटलमध्ये, म्हणजे स्वतःच्या पुरवणी अर्जात, वेगळं विचारतात. त्या उत्तराचा मजकूर इथे खर्च करू नका.

आपल्या मराठी घरांतून आलेल्या निबंधांत आई किंवा काका डेंटिस्ट असल्याचा उल्लेख हटकून असतो. नातं हे कारण नव्हे. त्यांच्या क्लिनिकमध्ये बसून तुम्ही काय पाहिलं, ते कारण होऊ शकतं. (महाराष्ट्रातून बीडीएस करून अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगसाठी, म्हणजे थेट वरच्या वर्षात, येणाऱ्यांचा अर्ज कॅपिड या वेगळ्या पोर्टलमधून जातो. त्यांनी हा हिशोब जसाच्या तसा वापरू नये.)

अर्ज मे महिन्यात उघडतो, जूनपासून पाठवता येतो, आणि बहुतेक स्कूल्स आलेले अर्ज क्रमाने वाचत जातात. म्हणून फेब्रुवारीत अ‍ॅडमिशन ऑफिसकडे अभिप्राय मागा. सगळे देत नाहीत, पण जे देतात त्यांचा फार उपयोग होतो. मसुदा एप्रिलअखेर पुरा करा. एक डेंटिस्ट आणि तुम्हाला न ओळखणारा एक माणूस, एवढ्यांनी वाचला तरी चालेल. पण वाक्यं तुमचीच हवीत, लेखन स्वतःचं असल्याची हमी अर्जात द्यावी लागते.

हेच स्टेटमेंट सगळ्या स्कूल्सना जातं, त्यामुळे कुठल्याही स्कूलचं नाव त्यात नको. टेक्सासच्या स्वतंत्र पोर्टलला ५००० ची मर्यादा आहे, तिथली प्रत वेगळी ठेवा. पेस्ट करताना बोल्ड, इटॅलिक आणि टॅब उडतात. एकदा सबमिट केलं की मजकूर बदलता येत नाही, म्हणून प्रिव्ह्यू शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच बटण दाबा.