कूलर इथेच ठेवा

गावातल्या एका पोराची बदली अंदमानात पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला झाली. आज पारावर त्याच्या खर्चाचा हिशेब मांडला.

आधी कूलर. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून ताट्यांवरचं पाणी उडतं आणि गार वाटतं. तिथे हवाच ओली. पाणी उडत नाही, खोली नुसती दमट होते. मग एसी आला. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला साधारण १ युनिट धरा. रोज रात्री ८ तास, म्हणजे महिन्याला २४० युनिट. बेट देशाच्या ग्रीडला जोडलेलं नाही, वीज मुख्यतः जहाजाने आलेल्या डिझेलवर बनते. त्यामुळे वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर-बॅटरीचा खर्चही धरा. खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो, एसीची कॉइल तांब्याचीच घ्या.

पेट्रोल मात्र आपल्यापेक्षा स्वस्त, कारण कर कमी.

गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर इथल्या एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्या. टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे इथलं कनेक्शन बंद केल्याचा कागद, जपा; तिकडचं कनेक्शन त्यावरच मिळतं.

आणि पाणी! वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडूनही फेब्रुवारी ते एप्रिल टंचाई असते. घर बघताना भाड्याआधी टाकी किती लिटरची ते विचारा.