चेनला तेल नेमकं कुठे लागतं

मोटरसायकलची चेन बाहेरून ओली, काळी आणि चकचकीत दिसली की तिला तेल आहे असं बहुतेक जण धरून चालतात. पण बाहेरच्या प्लेटांना तेल हवं ते गंजापासून वाचण्यापुरतं. झीज होते आत, जिथे नजर पोचत नाही. म्हणून रॉकेल आणि ब्रश हातात घेण्याआधी एक कडी जवळून बघू.

मोटरसायकलच्या चेनमध्ये दोन प्रकारच्या कड्या आलटून पालटून येतात. आतल्या कडीच्या दोन प्लेटांमध्ये दोन पोकळ नळ्या घट्ट दाबून बसवलेल्या असतात, त्यांना बुश म्हणतात. बुशवर रोलर सैल फिरतो आणि स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चाकाचा, दात टेकतो तो या रोलरवर. बाहेरच्या कडीच्या दोन पिना शेजारच्या आतल्या कड्यांच्या बुशमधून आरपार जातात. चेन स्प्रॉकेटवर वळते तेव्हा पिन बुशच्या आत किंचित फिरते. चेन ‘लांबते’ असं आपण म्हणतो, ते लांबणं इथलं. प्लेट ताणली जात नाही. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर फट वाढते आणि शंभरेक सांध्यांच्या फटी मिळून चेन लोंबायला लागते.

ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुशच्या मधल्या जागेत कारखान्यातच ग्रीस भरतात. ते बाहेर पडू नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या प्लेटांच्या मध्ये रबराची बारीक रिंग बसवलेली असते. एक्स-रिंगचं काम तेच, फक्त रबराचा छेद गोल असण्याऐवजी चार ओठांचा असतो. मग अशा चेनला वरून तेल कशाला? एक तर रोलर आणि बुश यांच्यामधली फट रिंगच्या बाहेर राहते, कारखान्यातलं ग्रीस तिथे राखलेलं नसतं. दुसरं म्हणजे रबर कोरडं पडलं की प्लेटांमध्ये घासून झिजतं, चिरतं, आणि एकदा रिंग फाटली की आतलं ग्रीस बाहेर आणि धूळपाणी आत. त्या सांध्यात ग्रीस पुन्हा भरता येत नाही. रिंग नसलेल्या साध्या चेनमध्ये तर पिनेपर्यंतचं तेलसुद्धा प्लेटांच्या फटीतूनच पोचवावं लागतं. तुमची चेन कुठली हे ओळखायला फडक्याने एक कडी पुसा आणि खालून प्लेटांच्या मधल्या फटीत बघा. काळी रबरी कड दिसली तर ओ-रिंग किंवा एक्स-रिंग.

तेव्हा तेल हवं ते रोलरवर आणि दोन्ही बाजूंच्या प्लेटांच्या फटीत. पुढचं सगळं काम एवढ्यासाठीच आहे.

किती दिवसांनी करायचं? गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, तो पहिला प्रमाण. साधारणपणे कोरड्या रस्त्यावर रिंगवाली चेन ५०० ते ७०० किमीला आणि साधी चेन ३०० ते ५०० किमीला तेल मागते. पावसातून गाडी आली तर किलोमीटर मोजत बसू नका, चेन कोरडी पुसून त्याच दिवशी तेल द्या. मात्र दर वेळी रॉकेलने धुण्याची गरज नसते. नुसती धूळ असेल तर फडक्याने पुसून तेल दिलेलं पुरतं. बोटाने चोळल्यावर काळा लगदा निघाला आणि त्यात वाळूची कचकच लागली, तरच धुवा. तो लगदा म्हणजे तेल आणि दगडाची पूड, अगदी व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखा. त्याच्यावर नवीन तेल मारलं तर ती पेस्ट पातळ होऊन आणखी आत शिरते.

काम सुरू करण्याआधी इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि किल्ली काढून खिशात. इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवायचं आणि चेनला ब्रश किंवा फडकं लावायचं, हे कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. फडक्याचं टोक दाताखाली गेलं की बोट मागोमाग जातं, सोडवायला वेळच मिळत नाही. अशी बोटं तुटलेली आहेत.

गाडी मेन स्टँडवर किंवा मागचं चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर घ्या. दोन्ही नसतील तर साइड स्टँडवर ठेवून गाडी हातभर पुढे ढकलत टप्प्याटप्प्याने काम होतं, फक्त वेळ जास्त जातो. चाक हातानेच फिरवा, आणि उलटं फिरवा. सरळ फिरवलं तर खालची चेन मागच्या स्प्रॉकेटमध्ये शिरत असते आणि आपला हात नेमका तिथेच असतो. उलटं फिरवलं की ती स्प्रॉकेटमधून बाहेर येते, म्हणजे हात दातांपासून दूर जातो.

सामान थोडंच लागतं. १०० ते १५० मिली रॉकेल एका वाटीत, मऊ नायलॉनचा ब्रश, तीनचार सुती फडकी, खाली पुठ्ठा किंवा ट्रे आणि हातमोजे. तीन बाजूंनी केस असलेला चेन ब्रश मिळाला तर छान, नाहीतर जुना टूथब्रश चालतो. पुठ्ठ्याचा आणखी एक तुकडा चेन आणि चाकाच्या मध्ये उभा धरा. टायरवर उडालेलं तेल वळणावर घसरवतं आणि डिस्कवर गेलेलं ब्रेकच काढून घेतं.

रॉकेलच का? ते काळा लगदा सोडवतं आणि थोडा वेळ लागून पुसून काढलं तर रिंगच्या रबराला इजा करत नाही. पेट्रोल सफाई झटकन करतं, पण रबर फुगवतं, मग कोरडं पाडतं, आणि त्याची वाफ एका ठिणगीने पेटते. चेनसाठी बनवलेले क्लीनर स्प्रे चांगले असतात, डब्यावर ओ-रिंगसाठी चालेल असं लिहिलंय एवढं बघा. तारेचा ब्रश नको, त्याच्या तारा फटीत शिरून रिंग कापतात. प्रेशर वॉशरची धार चेनवर मारू नका, एवढ्या दाबाने पाणी रिंग ओलांडून आत जातं. आणि रिंगवाली चेन काढून रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवू नका.

सफाईचा क्रम असा: हातभर चेन घ्या, ब्रशने रॉकेल लावा, मिनिटभर थांबा, मग घासा. आधी दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या प्लेटा, मग वरून आणि खालून रोलर. इथे घाई करू नका. रोलरला ब्रशने घासताना तो जागच्या जागी फिरला पाहिजे. नखाने एखादा रोलर फिरवून बघा. स्वच्छ झालेला रोलर अलगद फिरतो, लगदा साचलेला चिकटून राहतो. तो तसाच सोडला तर स्प्रॉकेटच्या दातावर फिरण्याऐवजी घासत जातो, आणि नुकसान दाताचंही होतं. हातभर झालं की चाक उलटं फिरवून पुढचा भाग. सुरुवातीच्या कडीवर खडूची खूण केली तर फेरा कधी पूर्ण झाला ते कळतं. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांमधली घाणही काढा.

पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली जुनं तेल, माती आणि चेनवरून फेकलेलं ल्यूब (वंगण) मिळून मेणासारखा थर बसतो. दर ४,००० ते ५,००० किमीला कव्हर उघडून तो खरवडून काढा, नाहीतर स्वच्छ केलेली चेन पहिल्याच फेरीत पुन्हा मळते. कव्हर उघडलंच आहे तर स्प्रॉकेट ज्यावर बसतो त्या शाफ्टच्या सीलभोवती ताजं इंजिन ऑइल झिरपतंय का तेही बघून घ्या.

मग कोरड्या फडक्याने सगळी चेन पुसा आणि १५-२० मिनिटं तशीच राहू द्या. ही थांबण्याची पायरी बरेच जण गाळतात. फटीत रॉकेल उरलं तर नवीन तेल त्यात पातळ होतं आणि गाडी चालू लागल्यावर उडून जातं.

चेन स्वच्छ आणि कोरडी असताना तपासणीही करून घ्या, कारण आता सगळं दिसतं. चाक हळू फिरवत खालची चेन बघा. एखादा सांधा स्प्रॉकेटवरून उतरल्यावर सरळ न होता वाकडाच राहतो का? तो बोटांनी दोन्हीकडे वाकवा. रॉकेल आणि तेलाने मोकळा झाला तर घाण होती. दोन दिवसांनी पुन्हा अडला तर आतलं ग्रीस संपून पिन गंजलीय, आणि मग ती चेन बदलण्याशिवाय इलाज नाही. प्लेटांच्या फटीतून लालसर भुकटी निघत असेल तर तीही गंजाचीच. रिंग एखाद्या ठिकाणी तुटून बाहेर आली असेल किंवा नाहीशी झाली असेल, तर तो सांधा बाकीच्यांच्या आधी झिजणार हे नक्की.

आता तेल. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असते तेव्हा तेल लवकर आत शिरतं. म्हणून सकाळी निघताना देण्यापेक्षा संध्याकाळी आल्यावर द्या, रात्रभर मुरायला वेळ मिळतो. तेल द्यायची जागा म्हणजे खालच्या चेनची आतली, स्प्रॉकेटकडे बघणारी बाजू. चेन स्प्रॉकेटभोवती फिरताना तेल बाहेरच्या दिशेला फेकलं जातं. आतून दिलेलं तेल त्याच ओढीने रोलरमधून आणि फटींतून बाहेर येतं, बाहेरून दिलेलं तेवढं सरळ मडगार्डवर जातं.

एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल मला आजही सगळ्यात भरवशाचं वाटतं. थोडं उडतं, पण आत पोचतं आणि रबराला सांभाळतं. बारीक तोंडाच्या बाटलीने प्रत्येक रोलरच्या दोन कडांना एकेक थेंब द्या. ११० कड्यांच्या चेनला दोनशेवीस थेंब झाले, म्हणजे साधारण १० ते १५ मिली. एवढंच तेल पुरतं! चेन स्प्रे वापरत असाल तर नळी लावून आधी एका बाजूच्या प्लेटांच्या फटीवर एक पूर्ण फेरा, मग दुसऱ्या बाजूच्या, आणि शेवटी रोलरवर हलका फेरा. स्प्रे सुरुवातीला पाण्यासारखा पातळ असतो, कारण त्यातलं द्रावक ल्यूबला आत घेऊन जातं. ते उडालं की चिकट थर उरतो. म्हणून स्प्रे मारून लगेच गाडी काढू नका, निदान अर्धा तास थांबा.

काढून टाकलेलं इंजिन ऑइल वापरू नका, त्यात धातूचा कीस आणि जळण्यातून आलेली आम्लं असतात. वरून थापलेलं घट्ट ग्रीस फटीत जातच नाही, बाहेर बसून धूळ गोळा करतं. गंज सोडवणारे पातळ स्प्रे पाणी हटवायला ठीक, पण त्यांचा थर फार पातळ असतो. त्यांच्या भरवशावर ५०० किमी जाऊ नका.

तेल मुरलं की कोरडं फडकं चेनभोवती धरून दोन फेरे पुसा. आत्ताच लावलेलं पुसायचं जिवावर येतं, पण बाहेरच्या प्लेटांवरचं जादा तेल काहीच काम करत नाही, फक्त वाळू धरून ठेवतं. बोट फिरवल्यावर तेलकट लागावं, ओघळ दिसू नये. दुसऱ्या दिवशी रिमवर तेलाचे ठिपके दिसले तर तेल जास्त झालं किंवा पुसणं कमी पडलं.

यानंतर चेनचा ढिलेपणा मोजा. दोन्ही स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये खालच्या चेनला पट्टी लावा, चेन खाली दाबा, मग वर उचला, आणि दोन खुणांमधलं अंतर वाचा. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० किंवा २५ ते ३५ मिमी सांगितलेलं असतं, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त. कुठल्या स्टँडवर मोजायचं ते पुस्तिकेतच असतं आणि त्याने आकडा बदलतो. चाक फिरवत चारपाच जागी मोजा, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सगळ्यात घट्ट लागेल तिथला आकडा धरा. शंका असेल तर थोडी ढिली ठेवा. सस्पेन्शन दबताना पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा ॲक्सल (चाकाचा आस) एका रेषेत येतात, तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. आधीच घट्ट केलेली चेन त्या क्षणी गिअरबॉक्सच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर ओढ देते. चेन ताणणारे दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फेरे फिरवा आणि ॲक्सलचा नट ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळून ढिलेपणा पुन्हा मोजा, कारण आवळताना तो थोडा बदलतो.

झीज मोजायची तर चेन ताणून २० कड्यांचं अंतर घ्या, पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत. ४२८ मापाच्या चेनला ते नवीन असताना २५४ मिमी असतं आणि ५२०, ५२५, ५३० या मापांना ३१७.५ मिमी. पुस्तिकेत बदलण्याची मर्यादा दिलेली असते, बहुधा ती मूळ मापापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असते. पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. दात एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला, जुन्या दातांवर नवी चेन फार लवकर झिजते.

बदललेल्या चेनला क्लिपचा जोड असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं, म्हणजे वरच्या बाजूला असताना ते गाडीच्या पुढे बघेल. उलटी बसवलेली क्लिप एखाद्या दगडाला लागली तरी उघडते. प्रत्येक सफाईत ती जागेवर आहे ना, हे बोटाने चाचपून बघा.